चट्टे थोडेच आहेत, मग एवढा त्रास का होतो?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय २७, गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बेळगावात साड्यांच्या दुकानात. चार वर्षांपासून सोरायसिस आहे. दोन्ही तळहात, डोकं आणि एक कोपर. डॉक्टर म्हणतात, ‘सौम्य आहे, एवढं काय मनाला लावून घेता.’ पण साडी उलगडून दाखवताना गिऱ्हाईक तुमच्या हातांकडे बघतं, लग्नकार्यांना जाणं तुम्ही सोडलंय, खाजेनं रात्री झोप लागत नाही. त्यात घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय आणि आईचं म्हणणं, कुणाला सांगायचं नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी उगाच बाऊ करतेय का?’

मी बेळगावात बरीच वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज कानावर येतो. नाही, तुम्ही बाऊ करत नाही आहात. मात्र तुम्हाला न तपासता अमुक गोळी घ्या असं मी सांगणार नाही. तुमचं वजन, रक्ताच्या तपासण्या, आधी झालेले उपचार, मूल कधी हवंय, यावर औषध ठरतं. हा आजार किती मोठा आहे हे मोजायचं कसं आणि डॉक्टरांशी त्यावर बोलायचं कसं, तेवढं मात्र मी सांगू शकते, कारण तुमची गाडी नेमकी तिथंच अडलीय.

तुमचे डॉक्टर ‘सौम्य’ म्हणतात ते कातडीच्या मापानं. माणसाचा बोटांसकट तळवा म्हणजे त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का, असं आम्ही धरतो. दोन तळहात, कोपर आणि डोक्याचा थोडा भाग मिळून तुमचे चार-पाच टक्के होत असतील. दहा टक्क्यांच्या वर गेलं की जास्त, हा जुना हिशेब. त्या हिशेबानं डॉक्टरांचं चुकलेलं नाही, पण हिशेब अपुरा आहे.

निपाणीकडच्या एक विडी कामगार बाई माझ्याकडे येत. चट्टे म्हणाल तर उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, एवढेच. एक टक्कासुद्धा नाही. पण विडी वळायची म्हणजे पान कापायचं, तंबाखू भरायची, बोटांच्या टोकांनी घट्ट गुंडाळायचं आणि तोंड मुडपायचं. सगळं काम त्याच तीन बोटांवर. भेगा पडल्या की पानावर रक्ताचा डाग पडतो आणि ती विडी बाजूला निघते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, त्यामुळे आठवड्याला हातात पडणारे पैसे कमी. घरी भाकरी थापायची तर तेच हात. ‘डॉक्टरबाई, पीठ भेगांत जाऊन बसतंय, भाकरी थापायलाच येईना झालंय,’ हे त्यांचे शब्द. आता पाठीवर दोन पंजे भरतील एवढा चट्टा असलेला, शर्ट घातला की विसरून जाणारा एखादा कारकून घ्या. मापानं त्याचा आजार मोठा. मला विचाराल तर मी आधी त्या बाईंना जास्त ताकदीचं औषध देईन.

हे माझ्या एकटीचं मत नाही. आंतरराष्ट्रीय सोरायसिस कौन्सिलनं २०२० मध्ये टक्क्यांची सौम्य-मध्यम-तीव्र ही उतरंड बाजूला ठेवून वेगळी मांडणी केली. दहा टक्क्यांच्या वर अंग व्यापलेलं असेल, किंवा आजार तळहात-तळपाय, डोकं, चेहरा, नखं, गुप्तांग अशा नाजूक जागी असेल, किंवा नुसत्या मलमांनी भागत नसेल, तर यांतलं एकही कारण पोटातून घ्यायच्या औषधांचा विचार करायला पुरेसं आहे. तुमच्याकडे तळहात आहेत, डोकं आहे, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मलमांनी भागलेलंही दिसत नाही.

दुसरं माप आहे जगण्याचं. कार्डिफच्या फिनले आणि खान या दोघांनी १९९४ मध्ये दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. तिला डीएलक्यूआय म्हणतात आणि ती आज जगभर वापरली जाते. गेल्या आठवड्यात खाज, आग, दुखणं किती होतं, लाज किती वाटली, कपडे निवडताना अडलं का, बाहेर जाणं, काम, जवळची माणसं, शरीरसंबंध यांत काय बिघडलं, आणि उपचारांचाच किती त्रास झाला, असे ते प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. दहाच्या वर बेरीज गेली की आजाराचा आयुष्यावर मोठा परिणाम होतोय असं मानतात, वीसच्या वर गेली तर फारच मोठा. कागद भरून घ्यायला ओपीडीत वेळ नसतो, म्हणून मी तोंडीच विचारते आणि आपल्याकडचं विचारते. पंगतीत वाढायला उभ्या राहता का? हळदीकुंकवाला जाता का? गजरा माळता का? काळा ब्लाउज शेवटचा कधी घातलात? पुरुषांना विचारते, केस कुठं कापता? उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारा एक मुलगा होता. सलूनवाल्यानं एकदा त्याच्या डोक्याला हात लावायला नकार दिला, तेव्हापासून भाऊ घरीच मशीन फिरवायचा. तपासणीच्या टेबलावर त्याचं डोकं ‘सौम्य’च होतं.

तुमच्या मजकुरावरून अंदाज बांधायचा तर तुमची बेरीज दहाच्या बरीच वर जाईल. तेव्हा पुढच्या भेटीत ‘त्रास होतोय’ एवढंच म्हणू नका. चार वर्षांत काय काय सोडलंत ते लिहून न्या, आणि हात सगळ्यात वाईट होते त्या दिवसाचा फोटो न्या. भेटीच्या दिवशी चट्टे नेमके बरे दिसतात, हा सगळ्यांचा अनुभव.

आता लोकांच्या नजरेबद्दल. सोरायसिस शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, कपड्यांतून किंवा शरीरसंबंधातून, कशातूनच पसरत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणा विनाकारण चिथावली जाते आणि कातडीच्या पेशी घाईनं तयार होतात. एरवी ज्याला महिनाभर लागतो ते काम चार-पाच दिवसांत उरकतं, कच्च्या पेशी वर येतात आणि थर साठून खपल्या पडतात. पण बघणाऱ्याला ते गजकर्ण वाटतं, इसब वाटतो आणि जुन्या माणसांना थेट महारोग आठवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं २०१४ मध्ये सोरायसिसवर खास ठराव केला, त्यात असंसर्गजन्य हा उल्लेख ठळक आहे. पण ठराव काउंटरवर उपयोगी पडत नाही, तिथं एक वाक्य तयार हवं. माझ्या पेशंटना मी ते दोन्ही भाषांत पाठ करायला लावते, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक बैलहोंगलचंही असतं आणि चंदगडचंही. मराठीत: ‘हा सोरायसिस आहे, चिकटत नाही.’ कानडीत: ‘इदु अंटुरोग अल्ल.’ हसून म्हणायचं आणि साडीचा पदर पुढं करायचा. लांबलचक खुलासा द्यायला गेलात की समोरच्याचा संशय वाढतो. मालकाला मात्र एकदा नीट बसून सांगा, जमलं तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. बहुतेक मालक समजून घेतात. नाही घेतलं तर निदान कुठं उभे आहोत ते कळतं.

हातांची रोजची काळजी ही कंटाळवाणी गोष्ट आहे, पण अर्धी लढाई तिच्यावर. घासणं, खरवडणं, कापणं यानं सोरायसिस नव्या जागी उगवतो. म्हणून न्हाणीतली वजरी तुमच्यासाठी बंद. खपली नखानं काढली की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात आणि आठवड्याभरात चट्टा मोठा झालेला असतो. आंघोळ कोमट पाण्याची, थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल. हात दिवसातून जितक्या वेळा धुवाल तितक्या वेळा लावायचं. दुकानात साड्यांना डाग पडतील म्हणून तिथं पातळ क्रीम आणि रात्री जाड थर, वर सुती हातमोजे. भांडी-धुण्याला रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घाला, नुसत्या रबरात घाम साचतो. डोक्याला रात्री तेल लावून खपल्या मऊ करायच्या, सकाळी कोल टार किंवा सॅलिसिलिक ॲसिडचा शाम्पू पाच-दहा मिनिटं ठेवून धुवायचा, फणीनं ओरबाडायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची कोरडी थंडी हात फाडते. खानापूरच्या पावसाळ्यात ऊन दिसत नाही, आणि कोवळं ऊन बहुतेकांना मानवतं. त्या दोन्ही मोसमांत आजार वाढला तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

पथ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरी कुणीतरी वांगं, आंबट, मासे बंद केलं असणार. त्याला आधार नाही. वजन जास्त असेल तर मात्र ते उतरवण्यानं आजार खरोखर कमी होतो आणि औषधंही नीट लागू पडतात. कुंद्यासारख्या मिठाईनं थेट सोरायसिस वाढत नाही, वजनामार्फत वाढतो, असं मी बेळगावकरांना सांगते. ते हसतात आणि खातात. तंबाखू ओढणं आणि दारू दोन्ही वाईट.

उपचारांचा त्रास हासुद्धा आजाराच्या हिशेबातच धरायला हवा, आणि इथं आम्ही डॉक्टर कमी पडतो. चार मलमं दिवसातून दोनदा लावा, असं लिहून देणं सोपं असतं. सात वाजता बस पकडणारी मुलगी ती लावणार कधी? चिकटपणा, टारचा वास, उशीवरचे डाग या कंटाळ्यानं निम्मी ट्यूब तशीच राहते आणि कागदावर ‘औषधाला दाद नाही’ अशी नोंद होते. किती लावणं जमतंय ते खरं सांगा. लोशन, फोम, दोन औषधं एकत्र असलेलं मलम असे सुटसुटीत पर्याय असतात.

तुमच्या हातांसाठी प्रकाशोपचाराबद्दल जरूर विचारा. ३११ नॅनोमीटरचे अतिनील किरण मोजून-मापून देतात, आठवड्यात दोन-तीनदा, साधारण वीस-तीस बैठका. नुसत्या हात-पायांसाठी छोटी मशिनं असतात. याचा मोठा फायदा असा की गरोदरपणातही तो चालतो. अडचण असते फेऱ्यांची. खानापूरहून आठवड्यातून तीनदा येणं म्हणजे पूर्वी तिकिटाचाच मोठा खर्च होता. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, तेव्हापासून माझ्या किती तरी पेशंटनी अर्धवट सोडलेल्या बैठका पुऱ्या केल्या. तुमचं तर रोजच येणं-जाणं आहे. दुकान उघडायच्या आधीची किंवा सुटल्यानंतरची वेळ मिळते का तेवढं बघा.

पोटातून घ्यायच्या औषधांत मेथोट्रेक्सेट हे जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध. गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजची गोळी समजून घेतल्यानं जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मी चिठ्ठीवर वाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिते आणि घरातल्या एकाला तोंडी म्हणून दाखवायला लावते. त्यासोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळानं रक्त तपासणी. गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, मूल हवं असेल तर आधी थांबवावं लागतं. ॲसिट्रेटिन या दुसऱ्या औषधाचंही नाव ध्यानात ठेवा: ते बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नाही, त्यामुळे तुमच्या वयाच्या मुलीला मी ते देत नाही. इंजेक्शनची नवी जैविक औषधं पुष्कळांचं अंग जवळपास स्वच्छ करतात. ती महाग आहेत, आणि आपल्या देशात ती सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी हवीच.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणून मिळणारी बिनानावाची पुडी, किंवा कुणी परस्पर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. पंधरा दिवसांत कातडी चकचकीत होते. पुडी संपली की आजार दुप्पट उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या फोडांनी, आणि मग थेट दवाखान्यात भरती. मुळापासून बरा करणारं औषध आज कुणाकडेच नाही. वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवणारी आहेत, आणि तीही पुष्कळ.

झोपेचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, मला ती ओळ टोचली. खाजेनं झोप जाते, झोपेविना चिडचिड, चिडचिडीनं खाज. सोरायसिसच्या माणसांत उदासी इतरांपेक्षा जास्त असते हे वारंवार दिसलंय. त्याला आळस किंवा नाजूकपणा म्हणणारे घरातच भेटतात. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते त्वचेच्या डॉक्टरांनाही सांगा, आणि १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, भाषा निवडता येते आणि गावात कुणाला कळत नाही. मनाची औषधं लागलीच तर त्वचेच्या डॉक्टरांना नावं कळवा, कारण लिथियमसारखी काही औषधं सोरायसिस वाढवतात.

आता लग्न. आईंचं म्हणणं मला समजतं. आपल्याकडे एका घरातली बातमी दुसऱ्या दिवशी तीन गावांत पोचते, आणि धाकटी बहीण असेल तर तिचंही स्थळ त्यांना दिसत असतं. तरीही माझं मत: कांद्यापोह्यांच्या पहिल्या बैठकीत सांगायची गरज नाही, साखरपुड्याच्या आधी सांगायलाच हवं. लपवून झालेल्या लग्नांतल्या मुली मी बघते. मलम माळ्यावर ठेवलेलं असतं, गोळ्या माहेरी गेल्यावरच घेतात, आणि त्या चोरट्या उपचारांनी आजार बळावतो. कधीतरी उघड होतंच. तेव्हा सासरचे चट्ट्यांबद्दल बोलत नाहीत, ‘आम्हाला फसवलं’ म्हणून बोलतात.

सांगायचं तुम्ही, मुलाला, दोघंच बोलत असताना. मध्यस्थाच्या तोंडून गेलं की सोरायसिसचं महारोग होऊन पोचतं. हात दाखवा, चिकटत नाही म्हणा, उपचार चालू आहेत म्हणा, आणि शंका असेल तर माझ्या डॉक्टरांना भेटू या असं सुचवा. मी अशी जोडपी कितीदा समोर बसवली आहेत. मुलगा बहुतेक एकच प्रश्न विचारतो: मुलांना होईल का? आई किंवा वडील एकालाच असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण दहा-पंधरा टक्के. दोघांनाही असेल तर चाळीस-पन्नास. म्हणजे एकालाच असेल तर बहुतेक मुलांना होत नाही. गरोदरपणात पुष्कळ बायकांचे चट्टे आपोआप कमी होतात, बाळंतपणानंतर परत डोकं वर काढतात, त्याची तयारी ठेवायची.

सोरायसिसमुळे घटस्फोट होतो अशी कायद्याची भीती कुणी घातली तर तीही निराधार आहे. घटस्फोटाच्या कारणांत हिंदू विवाह कायद्यात पूर्वी कुष्ठरोग होता, तोसुद्धा २०१९ च्या दुरुस्तीनं काढून टाकला. सोरायसिसचं नाव त्या यादीत कधीच नव्हतं.

ऐकून नकार येतील. सगळे समजूतदार निघतील असं मी म्हणणार नाही. फाउंड्रीतला तो मुलगा दोन ठिकाणी नाकारला गेला, तिसऱ्या ठिकाणी मुलीनं सांगितलं की तिच्या मामांनाही हेच आहे. लग्नानंतर त्याचे केस तीच कापते, सलूनचा विषय तिथंच संपला.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आलेल्या नाहीत, त्या कळवा. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत का, किंवा नखं पिवळी पडून बुडाशी सुटतात का? आणि सकाळी उठल्यावर बोटं किंवा कंबर अर्धा तास तरी आखडलेली राहते का, एखादं बोट पूर्ण सुजतं का, टाच दुखते का? सोरायसिस असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना सांधेदुखी जडते, आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. यांतलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि पोटातून घ्यायच्या जास्त ताकदीच्या औषधाचा विषय तुम्हीच काढा. शिवाय रक्तदाबाची, हिवतापाची किंवा आणखी कसली गोळी चालू असेल तर तिचं नावही लिहा, त्यांतल्या काही गोळ्यांनी चट्टे भडकतात.